मैनाचं पाणी

भागाबाईचा घोडीवर राग होता असं कोणी म्हटलं, तर ते काही खोटं नव्हे. लग्न होऊन ती धुळे तालुक्यातल्या त्या गावात आली, तेव्हा नवऱ्याच्या दारात घोडी आधीच बांधलेली होती. गिरधर वरातीला घोडी नेणारा माणूस. आसपासच्या आठ-दहा गावांतले नवरदेव त्याच्याच घोडीवर बसून मारुतीच्या पाया पडायला गेले. पहिली घोडी म्हातारी होऊन गेली, दुसरी गेली, आताची मैना तिसरी. भागाबाई तिघींनाही सवतच म्हणायची. जेवणाच्या वेळी गिरधर गोठ्याकडे वळला की हिचं सुरू, "जा, पहिले सवतले खाऊ घाला. मी काय, शेच आठे!" मी काय, आहेच इथे, असा तिचा टोमणा.

आणि आता तीच सवत तिच्या गळ्यात पडली होती. पौषात उत्तरेचा वारा सुटला आणि एका सकाळी गिरधर उठला तो तोंड वाकडं घेऊनच. डावा डोळा मिटेना, चहा ओठांतून गळायला लागला. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, अर्धांग नव्हे, चेहऱ्याची शीर सुजली आहे, तीन-चार महिन्यांत ओठ जागेवर येतील. तोवर थंड वाऱ्यात जायचं नाही. झालं, गिरधर मफलर गुंडाळून घरात बसला आणि मैनाचं चारा-पाणी भागाबाईवर आलं.

तिनं ते जिवापाड केलं. कुणाला बोलून दाखवलं नाही, पण केलं. पारा पाचावर उतरला होता. तिनं पोती शिवून मैनाच्या पाठीवर झूल घातली. थंडीत अंगात ऊब राहावी म्हणून बाळंतिणीला द्यावी तशी बाजरी भरडून, गूळ-तीळ घालून, कोरडीच समोर ठेवली. वर सुका कडबा. मैनानं सगळं चाटूनपुसून खाल्लं. भागाबाई मनात म्हणाली, बघा, माझ्या हातचं कसं गोड लागतं.

पाण्याला मात्र मैना तोंड लावीना. पहिल्या दिवशी भागाबाईला वाटलं, गार असेल, कोण पिणार? तिनं बंबात पाणी तापवलं. मैनानं वास घेतला, फुर्र केलं आणि मान फिरवली. धुराचा वास लागला असेल म्हणून दुसऱ्या दिवशी स्वयंपाकाच्या पातेल्यात कोमट केलं, गुळाचा खडा टाकला, चिमूटभर मीठ टाकलं. मैनानं ओठ ओले केले आणि पातेल्याकडे बघत उभी राहिली, जणू कशाची तरी वाट बघत होती. भागाबाईनं लाडीगोडी लावली, शिव्या दिल्या, पुन्हा लाडीगोडी लावली. गिरधरला यातलं काही सांगितलं नाही. आजारी माणसाच्या जिवाला घोर कशाला?

तिसऱ्या दिवशी सकाळी मैनानं बाजरीलाही तोंड लावलं नाही. लीद पडली ती सुक्या गोळ्यांची, तीही चारच. मग मैना मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघू लागली, पुढच्या पायानं जमीन उकरू लागली. भागाबाईनं जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते साक्रीकडे होते. म्हणाले, "कोरडं खाऊन पाणी नाही पोटात, आतडं अडत चाललंय. मी दुपारपर्यंत येतो, पण तोवर कसंही करून पाणी जायला हवं. नाहीतर घोडी हातची जाईल."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. ती घरात गेली आणि रडतच सांगून मोकळी झाली. गिरधरनं वाकड्या तोंडानं, शब्द चावत विचारलं, "शिट्टी मारी का तू?"

"ती कसाले?"

"ती शिट्टीवरच पेस. लहान व्हती तैपासून."

चाळीस वर्षं भागाबाई चुलीपुढून ती शिट्टी ऐकत आली होती, हलकी, लांबलचक, एका सुरातली. तिला वाटायचं, म्हाताऱ्याची हौस. "लेकी-सुना नळवर येतस, अन् तुम्ही शिट्ट्या मारतस!" म्हणून ती कितीदा भांडली होती. तिन्ही घोड्या त्याच सुरावर पाणी प्यायल्या हे तिला आज कळलं.

गिरधर तोंडावरचा मफलर सैल करून बाहेर आला. तिनं अडवलं नाही. मैनानं कान टवकारले. त्यानं ओठ जुळवले, पण डावी बाजू हलेना. नुसती वाफ निघाली आणि हनुवटीवर लाळ आली. पुन्हा तेच. मैना त्याच्या तोंडाकडे बघत थांबली होती. गिरधरनं मान खाली घातली. त्याचा तो चेहरा भागाबाईला बघवेना.

"माले शिकाडा," ती म्हणाली.

"लोके काय म्हनतीन?"

"म्हनू द्या!"

दारासमोरच्या नळावर शेजारच्या प्रमिलाबाई आणि दोघी-तिघी हंडे धरून उभ्या होत्या. त्यांच्यादेखत साठीच्या भागाबाईनं डोक्यावरचा पदर सावरला आणि ओठांचा चंबू केला. फुस्स. एक पोरगी खुदकन हसली. गिरधरनं भागाबाईला जीभ खाली दाबायला सांगितलं, श्वास हळू सोडायला सांगितलं. पाचव्या खेपेला बारीक, चिरका सूर निघाला. मैनाचा कान वळला. सूर थोडा लांबला, तशी मैनानं मान खाली घातली आणि कोमट पाण्यात तोंड बुडवलं. घोटागणिक तिचे कान मागेपुढे हलू लागले. नळावरचं हसणं थांबलं होतं.

नऊ-दहा घोट झाले आणि सूर तुटला. भागाबाईचे ओठ थरथरायला लागले होते, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मैनानं तोंड वर काढलं. गिरधरनं मफलरच्या टोकानं बायकोचे डोळे पुसले.

"रडू नको, भागा. रडता रडता शिट्टी वाजत नही. पहिले तिले पिऊ दे, मंग रडजो."

भागाबाईनं नाक ओढलं, हुंदका गिळला आणि पुन्हा ओठ जुळवले.