बैसाणे सरांनी उजळलेली तसबीर

कुठलंही चित्र समोर आलं की बैसाणे सर आधी हात बघत, मग चेहरा. मग ते देवाचं कॅलेंडर असो की सलूनमधली नटी. "चेहऱ्यावर चित्रकार साखर पेरतो, पाटील," ते मला सांगत. "हात जसेच्या तसे राहतात." धुळ्याच्या आमच्या शाळेत ते चित्रकला शिकवत, मी गणित.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्याकडे एक काम आलं. अमळनेरला कापसाचा व्यापार करणारं एक मारवाडी घराणं होतं. राजस्थानातून इकडे येऊन स्थिरावलेली त्यांची पाचवी-सहावी पिढी. त्यांच्या बैठकीत शंभर वर्षांपूर्वीची एक तसबीर होती. ओढणीतली, वीसेक वर्षांची मुलगी. धुराने ती पार काळवंडली होती, आणि तिचं नाव घरात कुणालाच सांगता येत नव्हतं. वंशावळीत फक्त पुरुष होते.

माझी सासुरवाडी अमळनेरची, त्यामुळे रविवारी आम्ही एकाच एसटीने जायचो आणि मीही थोडा वेळ त्या बैठकीत बसायचो. सर कापसाच्या बोळ्याने बोटभर जागा पुसत आणि तिच्याशी अहिराणीत पुटपुटत, "कोनी पोर शे व माय तू?" कुणाची लेक गं तू, असं.

तिसऱ्या रविवारी त्यांनी मला हाक मारून बोलावलं. तिच्या कोपराखालचा रंग मागाहून फासलेला होता. तो सुटत होता आणि आतून इवलीशी बोटं वर येत होती. संध्याकाळपर्यंत तिच्या मांडीवर टोपडं घातलेलं बाळ दिसू लागलं. डोळे मिटलेले.

"झोपलंय," मी म्हणालो.

"झोपलेल्या बाळाला कुणी इतकं घट्ट धरत नाही," सर म्हणाले.

घरचे शेठजी तसबिरीजवळ आले. मग हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, घरात सून गरोदर आहे. होतं तसं काळं करून द्या."

"सूनबाईंना विचारू या," सर म्हणाले. "त्यांना भीती वाटत असेल, तर आत्ता झाकतो."

सून आली, सरला तिचं नाव. पदर सावरत जवळ गेली. "राहू द्या," ती म्हणाली. "किती वर्षं अंधारात होतं ते."

होळीनंतर कळलं, सरलाचा मुलगा जन्मल्याच्या दुसऱ्याच दिवशी गेला. तसबीर गोणपाटात बांधून माळ्यावर टाकली गेली. शेठजींनी सरांना दोष दिला नाही. एका शब्दाने दिला असता, तर बरं झालं असतं. सर शकुन-अपशकुन मानत नव्हते. तरी स्टाफरूममध्ये अचानक विचारत, "पाटील, मी गुपचूप झाकलं असतं तर?"

"काही फरक पडला नसता, सर."

"ते मला कळतं," ते म्हणत, आणि आठवड्याने पुन्हा विचारत.

वर्षभराने एका रविवारी सरला धुळ्याला सरांच्या घरी आली. मी तिथेच होतो. नवरा बाहेर ओट्यावर थांबला.

"बाळाचा फोटो नाही," ती म्हणाली. "बारशाला काढायचा होता. आता घरात कुणी त्याचा विषयही काढत नाही. तुम्ही काढून द्या."

"बेटा, मी त्याला पाहिलेलं नाही."

"मी पाहिलंय ना. मी सांगते."

सरांनी पेन्सिल घेतली. ती सांगत गेली. जावळ दाट होतं. कान एवढे मोठे नव्हते. हनुवटी माझ्या भावासारखी. सर खोडत होते, पुन्हा काढत होते. तीन तासांनी ती एकदम बोलायची थांबली. कागद छातीशी धरून उठली आणि नवऱ्याला दाखवायला बाहेर गेली. ओट्यावरून त्याच्या रडण्याचा आवाज आला.

तिने कुणाला सांगितलं असेल, कोण जाणे. पुढे जळगाव, नशिराबाद, कुठून कुठून बायका येऊ लागल्या. सर दार लोटून बसत आणि ऐकत, काढत. पैसे घेत नसत, चित्राची प्रत ठेवत नसत. त्या बायका कोण, हे त्यांनी मलाही कधी सांगितलं नाही.

सर गेले त्या दिवशी आम्ही शाळेतले सगळे त्यांच्या गल्लीत जमलो. समोरच्या भिंतीला लागून वीस-पंचवीस अनोळखी बायका उभ्या होत्या. सरांच्या मुलाने मला विचारलं, "काका, ह्या कोण?" मी सरलाला ओळखलं. बाकीच्या एकमेकींनाही ओळखत नव्हत्या.