गोदाम रिकामं होईपर्यंत

द्रौपदाबाईंच्या हाताला जोड नाही, असं जितेंद्रशेठच्या शेडमध्ये सगळे म्हणत आणि द्रौपदाबाईंना ते ऐकायला आवडत असे. नवरा गेल्यापासून त्यांच्याबद्दल कुणी काही चांगलं बोलल्याचं तेवढं एकच ठिकाण होतं.

शेड जळगावच्या एमआयडीसीत, मागच्या गल्लीत. तिथे मोटारीच्या वायरिंगचे जुडगे बांधले जात. मोठ्या लाकडी फळीवर खिळे ठोकलेले असत. त्या खिळ्यांच्या वाटेने लाल, निळ्या, पिवळ्या वायरी फिरवायच्या, टोकांना कनेक्टर बसवायचे आणि वरून काळी टेप घट्ट गुंडाळायची. एका जुडग्यात एका गाडीच्या सगळ्या नसा. गाडी इथल्याच एका कंपनीची होती. सात माणसं बसणारी, खड्ड्यांना न जुमानणारी. खानदेशातली वऱ्हाडं तिच्यातून जात, पेशंट तिच्यातून नेले जात, निवडणुकीत तिच्याच टपावर कर्णे बांधले जात. मुलगी प्रज्ञा लहान असताना अजिंठा चौकात अशी गाडी दिसली की द्रौपदाबाई तिला बोट दाखवून सांगत, "हिचा दिवा मी लावलाय." प्रज्ञा ते शाळेत सांगून आली होती आणि कुणाचा विश्वास बसला नव्हता.

मग लोकांना दुसऱ्या गाड्या हव्याशा झाल्या. समोर टीव्हीसारखा पडदा असलेल्या, परदेशी नावाच्या. कंपनीने आधी एक पाळी बंद केली, मग दुसरी, आणि एका पावसाळ्यात कारखान्याचं गेटच लावून टाकलं. कारखाना होता पार दूर, जळगावातल्या बायकांपैकी एकीनेही तो पाहिलेला नव्हता. पण तो बसला तशी इथली अर्धी गल्ली बसली. समोरचं रबराचं शेड गेलं, त्याच्या शेजारचा सीट शिवणारा गेला. चहावाल्या सुपडूने दूध निम्म्यावर आणलं, नंतर बिस्किटांच्या बरण्याही काढून टाकल्या. शेडमधल्या बायकांची भिशी होती, त्यातून दरवर्षी कुणी ना कुणी सराफाकडून चार सोन्याचे मणी करून आणी. ती भिशी मोडली आणि मग एकेक करून मणीही मोडले गेले.

जितेंद्रशेठच्या गोदामात बांधून तयार असलेले जुडगे छतापर्यंत लागले होते. कंपनीने ते उचललेच नाहीत. एके सकाळी शेठ नव्या पांढऱ्या गाडीतून आले आणि बायकांना जमवून म्हणाले की आता हे सगळं सोडवायचं. टेप कापायची, कनेक्टर काढायचे, वायरी रंगवार लावायच्या. जाळून तांबं काढलं तर काळं पडतं आणि भाव पडतो, म्हणून हातानेच काढायचं. गोदाम रिकामं होईपर्यंत रोज पूर्वीचाच. शिवाय धुळ्याला विजेवरच्या रिक्षांचा कारखाना येतोय, त्यांची माणसं दिवाळीनंतर शेड बघायला येणार आहेत, तोवर कामावर असतील त्या बायकांना त्या कामात पहिलं घेऊ.

रूपाने शेठच्या गाडीभोवती एक फेरी मारली. रूपा धुळ्याकडची, द्रौपदाबाईंच्याच माहेरच्या गावची, पण वयाने बरीच लहान आणि तोंडाने तिखट. तिने विचारलं, "शेठ, हिच्यात वायरी कुणाच्या?"

"हिचं सगळं बाहेरून तयार होऊन येतं," शेठ म्हणाले, आणि हसले. हसण्यासारखं त्यात काय होतं ते द्रौपदाबाईंना कळलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत निंबाखाली बायका बसल्या. हिशोब सरळ होता. गोदाम दिवाळीआधी रिकामं झालं तर शेड बंद, आणि धुळ्याची माणसं येतील तेव्हा इथे कुणीच नसेल. द्रौपदाबाईंची प्रज्ञा धुळ्याला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिसरं वर्ष या रोजावरच उभं होतं.

"दिवाळीना पल्याड नेवानं शे," रूपा म्हणाली. "बठ्ठ्या ध्यानमा ठेवा."

काम दिवाळीपलीकडे न्यायचं, यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांत आधी द्रौपदाबाईंनी.

पहिले काही दिवस ते जमलंही. आपणच बांधलेली गाठ सोडवायला जड जाई, त्यामुळे हळू करायला वेगळं सोंग लागत नव्हतं. टेपचा थर ब्लेडने उभा चिरला की आत वायरी जशा ठेवल्या तशाच निजलेल्या दिसत. सुपडूचा चहा पंगतीतल्या जेवणाइतका लांबे. एक म्हातारी तर मध्येच पाय पसरून जावयाच्या तक्रारी सांगत बसे आणि बाकीच्या मुद्दाम नवेनवे प्रश्न विचारत.

शेठ रागावले नाहीत. त्यांनी फक्त जुना फळा पुसून परत भिंतीला लावला. कामाच्या दिवसांत या फळ्यावर आठवड्याच्या पहिल्या तिघींची नावं लिहिली जात. खाली टेबलावर त्यांनी खोक्यासकट एक प्रेशर कुकर ठेवला, शेवटी जिचं नाव वर तिला हा, एवढं सांगितलं आणि निघून गेले.

शनिवारी फळ्यावर रूपाचं नाव वर होतं. द्रौपदाबाईंचं दुसरं.

इतक्या वर्षांत ते दुसरं कधी लागलं नव्हतं. फळा म्हणजे शेठचा खेळ आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सोमवारी जागेवर बसताना त्यांनी ते मनाशी पुन्हा म्हटलंही. आणि तरी दुपारपर्यंत त्यांच्या उजव्या बाजूला इतक्या वायरी पडल्या होत्या की हेल्परला ढीग दोनदा उचलावा लागला. ब्लेड कुठे लावायचं, कनेक्टरची कुठली जीभ दाबली की तो सुटतो, हे हातांना विचारावं लागत नव्हतं. बांधताना जी वाट होती तीच उलटी चालायची होती.

रूपाने ते पाहिलं आणि तीही सुटली. मग बाकीच्या कशाला मागे राहतील? जावयाच्या तक्रारी थांबल्या. चहा जागेवर येऊ लागला आणि गार होऊ लागला.

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा त्यांनी बोलता बोलता सांगून टाकलं की या आठवड्यात नाव वर आहे.

"आई, तुम्ही सगळ्या हळू करणार होतात ना?"

"करतेय की हळू."

"मग पहिला नंबर कसा आला?"

"सगळ्याच हळू करताहेत," द्रौपदाबाई म्हणाल्या. "मी त्यातल्या त्यात."

प्रज्ञा हसली नाही.

दसरा यायच्या आत गोदामाची मागची भिंत दिसायला लागली. भिंतीला पावसाचे डाग होते. ते बघून बायकांचे हात थबकले. पण तेव्हा हळू करायलाही फारसं काही उरलं नव्हतं. शेवटच्या दिवशी शेठने फळ्याखाली द्रौपदाबाईंना उभं केलं, कुकर त्यांच्या हातात दिला आणि मोबाइलवर फोटो काढला. तांब्याला त्या महिन्यात चांगला भाव होता, असं ते कुणाला तरी फोनवर सांगत होते.

बाहेर पडताना रूपा जवळ आली. चिडलेली नव्हती, हेच द्रौपदाबाईंना जास्त लागलं.

"घ्या अक्का, कुकर घ्या," ती म्हणाली. "आपलाच हाते आपलं काम सरनं."

दिवाळीनंतर धुळ्याची माणसं खरंच आली. सुपडूने ते द्रौपदाबाईंना बाजारात भेटल्यावर सांगितलं. गाडीतून दोघं उतरले, शेडमध्ये डोकावले. आत प्लॅस्टिकच्या चटयांचे गठ्ठे होते. शेठने शेड चटईवाल्याला भाड्याने दिलं होतं. वायरिंगच्या बायका कुठे भेटतील, असं त्यांनी सुपडूला विचारलं. त्याला कुणाचंच घर माहीत नव्हतं. त्याने चहा दिला, ते पिऊन गेले.

प्रज्ञा तिसऱ्या वर्षाला गेलीच नाही. ती आता जळगावातच एका मेडिकलच्या दुकानात काउंटरला उभी असते. कुकर तिनेच खोक्यातून काढला. वापरणार नसशील तर ठेवून काय करायचं, असं म्हणाली. वरण त्यात लवकर शिजतं.

द्रौपदाबाई डाळ मिलमध्ये लागल्या. समोरून पट्ट्यावर तुरीची डाळ सरकत जाते, तिच्यातले खडे आणि काळे दाणे वेचायचे. इथे त्यांच्या हाताचं नाव कुणाला ठाऊक नाही. त्या बेताने वेचतात, दर पाच दाण्यांमागे एक जाऊ देतात. मुकादम एकदा म्हणाला की बाई, वयाच्या मानाने बरं करता, पण जरा हात चालवा. हात एवढेच चालतात, असं त्यांनी सांगितलं. हे सांगताना त्यांना लाज वाटली. ती लाज नंतर येईनाशी झाली.

संक्रांतीच्या आधी रूपाही त्याच मिलमध्ये आली आणि नेमकी समोर बसली. डबा मात्र दोघी वेगवेगळ्या कोपऱ्यात खात. त्याच आठवड्यात मुकादमाने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की महिनाअखेर जिचं काम जास्त, तिला मालकांकडून साडी.

पट्टा सुरू झाला. रूपाने एकदा मान वर करून द्रौपदाबाईंकडे पाहिलं आणि परत खाली घातली. थोड्या वेळाने तिची बोटं भरभर पडू लागली. द्रौपदाबाईंना ते न बघताही कळलं. नुसत्या आवाजावरून, टोपलीत पडणाऱ्या खड्यांच्या. त्यांच्या उजव्या हाताने एक खडा वेचला, दुसरा वेचला, तिसऱ्याला तो आपणहून पुढे गेला.

त्यांनी तो हात मागे घेतला, मांडीखाली दाबला, आणि डाव्या हाताने डाळ निवडत राहिल्या.