कोळपे सरांचा फाऊल

आमच्या स्टाफरूममध्ये भांडण पेटलं की कोळपे सर खुर्चीतून उठत, दोन्ही हात डोक्याच्या वर नेत आणि म्हणत, "थांबा! बॉल डेड." मग गणिताचे सर असोत की खुद्द मुख्याध्यापक, ज्याचं वाक्य जिथं असेल तिथंच तुटे. सर सावकाश खाली बसत, चहाचा उरलेला घोट घेत आणि म्हणत, "आता जो जिथं हाय तिथंच ऱ्हाईल. मधी कोण कुणाला काय बोललं ते मोजायचं न्हाई. हां, करा सुरू." एवढं झाल्यावर पुन्हा भांडायचा उत्साह कुणाला उरत नसे. सुपरव्हिजनच्या वाटपावरून होणारी आमची वार्षिक लढाई त्यांनी सलग अकरा वर्षं याच पद्धतीनं मिटवली.

सर आमच्या शाळेचे क्रीडाशिक्षक. शाळा केडगाव आणि कासुर्डीच्या मधे, उसाला खेटून. मी तिथं चित्रकला शिकवतो. त्यामुळे आम्ही दोघं एकाच पंक्तीतले. दहावीचा अभ्यास मागं पडला की पहिल्यांदा आमचे तास कापले जात. सर बुटके, रापलेले, पँट पोटाच्याही वर बांधणारे. गळ्यात शिट्टी असायची, पण ती त्यांनी वाजवलेली मला आठवत नाही. त्यांच्या घरात वडिलांपर्यंत मेंढरं होती. "माझा बा नुसत्या हाळीवर अख्खा कळप उभा करायचा," ते सांगत. "मला ह्या बारा-पंधरा पोरी थांबवता येऊ नयेत व्हय?"

सगळा तालुका क्रिकेट आणि कबड्डीनं भरलेला असताना या माणसानं बेसबॉल कुठून आणला, हा प्रश्न मलाही पडे. कुठल्याशा प्रशिक्षण शिबिराला गेले आणि एक बॅट नि इंग्रजीतलं नियमांचं पुस्तक घेऊन परत आले. पुस्तक इंग्रजीच्या सरांकडून वाचून घेतलं आणि शंभर पानी वहीत मराठीत उतरवलं. मुलगे क्रिकेट सोडायला तयार नव्हते म्हणून मुलींचा संघ केला. चेंडू मारल्यावर पळत एकामागून एक गाठायचे चार बेस म्हणून सिमेंटच्या रिकाम्या गोण्या वाळू भरून शिवल्या.

इतर प्रशिक्षक आधी चेंडू मारायला शिकवतात. सर आधी थांबायला शिकवत. बेसबॉलमध्ये मैदानाला दोन बाजूंनी दोन रेघा असतात. मारलेला चेंडू रेघेबाहेर पडला की पंच "फाऊल" म्हणतो आणि त्या क्षणी चेंडू डेड होतो. डेड म्हणजे खेळ तिथंच थांबला. पळणारीनं मागं फिरायचं, आणि त्यानंतर जे घडलं ते घडलंच नाही असं धरायचं. पंच पुन्हा "प्ले" म्हणेपर्यंत सगळं गोठलेलं. पोरींना हे काही केल्या पचत नसे. एकदा सराव चालू असताना मेंढरांचा कळप मैदानात शिरला आणि सर ओरडले, "बॉल डेड!" वैष्णवी नावाची नववीतली मुलगी तरीही पळत राहिली आणि होमवर, म्हणजे जिथं पोचलं की रन मिळतो त्या शेवटच्या बेसवर, येऊन उडी मारून उभी राहिली.

"सर, रन झाला!"

"न्हाई झाला. जा माघारी."

"पर सर, मेंढरं तर तिकडं लांब हायती. मला कुठं आडवी आली?"

"तुला आली न्हाईत, पर मी थांबा म्हणल्यावर ह्या बाकीच्या थांबल्या का न्हाई? त्यांनी माझं ऐकलं म्हून त्या हरणार, आन् तू ऐकलं न्हाईस म्हून जिकणार? आसा कुठं खेळ आसतो का?"

वैष्णवी पाय आपटत मागं गेली. पण तिला ते कळलं असावं, कारण त्यानंतर सरांचा हात वर गेला की सगळ्यात आधी तीच थांबे.

ही मुलगी तीन वर्षांत संघाचा कणा झाली. बारावीला आली तेव्हा तिच्या वडिलांनी, म्हणजे रामा आप्पांनी, सरांना घरी बोलावून स्पष्ट सांगितलं, "सर, हे एक साल तुमचं. पोरगी राज्यापतुर खेळली, तिला कागद मिळाला, तर पुण्याला ठिवतो, भरतीची तयारी करू द्या. न्हाई झालं तर रांजणगावला तिची मावशी हाय, कंपनीत लावती." खेळाडूंसाठी राखीव जागा असतात, वैष्णवीला पोलिसात जायचं होतं, आणि त्या जागांची वाट राज्य पातळीच्या प्रमाणपत्रावरून जात होती. राज्याआधी विभाग, विभागाआधी जिल्हा. वयाच्या अटीमुळे पुढचं वर्ष तिला नव्हतंच. अर्थ सरळ होता: जिल्ह्याचा अंतिम सामना जिंकायलाच हवा.

तो सामना आमच्याच मैदानावर ठरला, आणि इथून पुढं मला माझ्याबद्दलही लिहावं लागणार आहे.

आदल्या दिवशी मैदान आखायचं काम माझ्याकडं होतं. फक्कीची, म्हणजे आखणीच्या पांढऱ्या चुन्याची, मोजकीच पोती आली होती. तेवढ्यात मुख्याध्यापक आले. म्हणाले, प्रमुख पाहुणे यायचे आहेत, स्टेजसमोर मोठं 'सुस्वागतम्' हवं, वळणदार, भोवती वेलबुट्टी. चित्रकलेच्या शिक्षकाला वर्षातून एकदा असं कुणी विचारतं. मी जीव ओतून लिहिलं. 'स्व'ची गाठ तर अशी जमली होती की मी दोनदा लांब जाऊन बघून आलो. मग मैदान आखायला घेतलं आणि डावीकडची रेघ उसाच्या पंधरा पावलं अलीकडं संपली. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मास्तर. तेवढं मला नजरंनं दिसतंय." प्रमुख पाहुणे दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत.

पंचही आले नाहीत. त्यांची गाडी बंद पडली असा फोन आला. समोरचा संघ शिरूरकडचा, पाबळच्या पलीकडून पहाटे निघून आलेला. त्यांच्या मॅडम तरुण होत्या. त्या म्हणाल्या, "सर, तुम्हीच उभे राहा. तुमच्याबद्दल आमच्याकडं सगळे चांगलंच बोलतात." सर नको नको म्हणाले. आपल्याच संघाच्या सामन्यात आपणच पंच, हे त्यांना मुळीच पटत नव्हतं. पण सामना पुढं ढकलायला तारीख नव्हती, आणि आमच्याकडं असं नेहमीच चालतं. शेवटी ते उभे राहिले.

मी त्यांना त्या दिवशी नीट पाहत होतो. आपल्या पोरींना झुकतं माप मिळू नये या धास्तीनं हा माणूस सकाळपासून उलट्या बाजूला झुकला होता. शंका आली की निर्णय शिरूरच्या बाजूनं. आमच्या पोरी कुरकुरल्या, पण सरांचा स्वभाव माहीत असल्यानं गप्प बसल्या.

शेवटचा डाव. आम्ही एका रननं मागं, दोघी बाद (तिसरी गेली की डाव संपला), एक मुलगी दुसऱ्या बेसवर, आणि बॅट वैष्णवीच्या हातात; ती मुलगी आणि वैष्णवी होमला पोचल्या की सामना आमचा. तिनं पहिलाच चेंडू असा हाणला की उसाकडं बसलेली माणसं उठून उभी राहिली. चेंडू डावीकडं गेला आणि जिथं माझी रेघ संपली होती त्याच्या पुढं, कोऱ्या मातीत पडला.

"फाऊल!" सरांचे हात वर गेले. "बॉल डेड!"

चेंडूमागं धावणारी शिरूरची मुलगी जागेवर थांबली आणि गुडघ्यांवर हात टेकून दम खायला लागली. वैष्णवी पहिल्या बेसच्या पुढं गेली होती, तीही थांबली. मग सर स्वतःच चालत निघाले. त्यांनी माझ्याकडून दोरी मागून घेतली. आम्ही दोघांनी ती रेघेवरून पुढं उसापर्यंत ताणली. आदल्या दिवशी पाणी मारलेली माती मऊ होती, चेंडूचा वण स्पष्ट उमटला होता. दोरीच्या आत, वीतभर. सर त्या वणाकडं बराच वेळ बघत राहिले.

ते परत आले आणि दोन्ही संघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चेंडू आत पडलाय. माझी चूक झाली."

आमच्या पोरींनी एकच जल्लोष केला. सरांनी पुन्हा हात वर केले.

"पर मी फाऊल म्हणलोय. बॉल डेड हाय. वैष्णवी, माघारी ये."

शिरूरच्या मॅडम धावत आल्या. "सर, निदान बरोबरीचा एक रन तरी देऊन टाका. आमची हरकत नाही."

"मॅडम, तुमची पोरगी थांबली ती माझ्या शब्दावर थांबली. ती पळत ऱ्हायली आसती तर तिनं चेंडू आडवला आसता का न्हाई, कोण सांगंल? जे झालंच न्हाई, ते मी कसं देऊ?"

वैष्णवी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. रडत नव्हती. "सर, आत होता ना?"

"व्हय बाळा. आत होता."

"मग?"

"मग काय न्हाई."

फाऊल पहिला स्ट्राइक म्हणून धरला गेला; तीन स्ट्राइक झाले की बाद. पुढच्या दोन चेंडूंना तिची बॅट हवेतच फिरली. आम्ही एका रननं हरलो.

त्या आठवड्यात सरांनी जे जे केलं ते आठवलं की मला आजही कसंतरी होतं. पंचाची चूक झाली, सामना पुन्हा खेळवावा, अशी तक्रार घेऊन ते क्रीडा कार्यालयात गेले, मला बरोबर नेलं. तिथल्या क्लार्कनं अर्ज वाचला, पुन्हा वाचला, आणि म्हणाला, "सर, तक्रार करणारे प्रशिक्षक कोळपे. ज्यांच्याविरुद्ध तक्रार ते पंच कोळपे. आणि निकालपत्रकावर 'निकाल मान्य' म्हणून सही कोळपे. मी आता कुणाला बोलावू?" तो हसला. त्यात वाईट काही नव्हतं, कुणीही हसलं असतं. सरही थोडे हसले. बाहेर येऊन गाडीची किल्ली शोधताना त्यांचा हात खिशातच राहिला. "मास्तर," ते म्हणाले, "नियम माझाच, चूक माझीच, आन् सहीबी माझीच. आता मी भांडू तरी कुणासंगं?"

मी तेव्हा त्यांना चुन्याचं बोलायला हवं होतं. रेघ पुरी असती तर चेंडू आत पडलेला सगळ्यांना दिसला असता. मी बोललो नाही. त्यांनीही तो विषय शेवटपर्यंत कधी काढला नाही.

रामा आप्पांकडं ते तीनदा गेले. तिसऱ्या वेळी आप्पांनी त्यांचे हात धरले. "सर, तुम्ही काय मुद्दाम केलं का? न्हाई ना? मग कशापायी जिवाला लावून घेता? पोरगी सोमवारपासनं कामाला जाती." रागावलेल्या बापाला सर सामोरे गेले असते. या समजूतदार माणसापुढं ते पार हतबल झाले. वैष्णवी रांजणगावच्या एका कंपनीत पॅकिंगला लागली, शिरूरला खोली घेऊन राहायला लागली. सरांनी संघ चालू ठेवला, पण पंच म्हणून पुन्हा कुठं उभे राहिले नाहीत.

निवृत्तीनंतर दोनच वर्षांत त्यांना पोटाचा आजार निघाला. मी दर रविवारी दौंडला त्यांच्या घरी जात असे. एका रविवारी वैष्णवी आली. सोबत तिची दोन वर्षांची मुलगी होती. सर खाटेवर, अगदी हाडं उरलेले. इकडचं तिकडचं बोलून झालं, मुलीनं सरांची टोपी घालून बघितली, वहिनींनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, चहा दिला. मग वैष्णवी कप खाली ठेवून म्हणाली,

"सर, एक विचारू? त्या दिवशी तुम्ही फाऊल म्हणला नसता, तर मी होमपतुर पोचले आसते का?"

वहिनी सरांच्या उशाशी उभ्या होत्या. त्या मला खुणावत होत्या, मी सरांना खुणावत होतो. म्हणा हो म्हणून. काय जातं? त्या पोरीला एवढंच घेऊन जायचं होतं.

सरांनी डोळे मिटले. ते आठवत होते हे आम्हाला दिसत होतं. ती किती पळाली होती, शिरूरची मुलगी चेंडूपासून किती लांब होती. मग त्यांच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी आलं.

"मला न्हाई सांगता येत, बाळा," ते म्हणाले. "खरंच न्हाई येत."

वैष्णवीनं मान हलवली, मुलीला उचललं, वाकून त्यांच्या पायाला हात लावला आणि गेली. वहिनी त्या दिवशी सरांशी बोलल्या नाहीत. महिन्याभरात सर गेले.

दहाव्याला भीमेच्या घाटावर वैष्णवी शिरूरहून एकटीच आली होती. विधी उरकल्यावर आम्ही तिच्या स्कूटीपाशी उभे होतो. तिला दुपारची शिफ्ट गाठायची होती. तिनं आपणहून काही विचारलं नाही. मलाच राहवलं नाही.

"वैष्णवी, तू पोचली असतीस," मी म्हणालो. "मी बघत होतो ना. नक्की पोचली असतीस."

तिनं हेल्मेटचा पट्टा लावला. माझ्यावर ती चिडली नव्हती, उलट माझीच कीव आल्यासारखी बघत होती.

"सर, तसं समदेच म्हणत्यात," ती म्हणाली. "आई म्हणती, नवरा म्हणतो. त्यानं तर मला खेळताना बघितलंबी न्हाई. कोळपे सर म्हणले आसते, तर खरं धरलं आसतं."