सैल चाप

शेडमध्ये लेथ चालवणाऱ्या त्या टर्नरला सगळे ‘कल्पतरू’ म्हणत. मिक्सरची झिजलेली चकती असो, दवाखान्यातल्या पलंगाचं चाक असो, नमुना टेबलावर ठेवायचा आणि संध्याकाळी वस्तू न्यायला यायचं. हे कशाला हवंय, असं त्याने गिऱ्हाइकाला कधी विचारलं नाही. तसं विचारणाऱ्यांना तो भोचक म्हणायचा. आणि या न विचारण्याचाही त्याला गर्व होता, कामाइतकाच.

एकदा जेवताना मुलीने विचारलं, "बाबा, समजा सांगाल ती वस्तू बनवून देणारं यंत्र निघालं, तर त्याने काय बनवायचं नाही, हे कोण ठरवणार?" ती कामाला जायची त्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत पोरींचा यावर वाद रंगला होता.

"यंत्र कशाला ठरवेल? मागणाऱ्याचं पाप मागणाऱ्याच्या माथी," तो घास गिळत म्हणाला. "आणि असं यंत्र कधीच निघालंय. तुझ्यासमोर जेवायला बसलंय."

आठवडाही गेला नसेल, मुलगी उड्या मारतच घरी आली. ती पत्र्याच्या डब्यांची झाकणं काढणाऱ्या प्रेसवर होती आणि आज तिची झाकणं सगळ्यांपेक्षा जास्त भरली होती. "सुपरवायझरनी आम्हाला ही वस्तू दिलीय," असं म्हणत तिने मूठ उघडली. आत पितळेचा छोटा चाप होता. तो त्याच्याच हातचा होता. सुपरवायझरने त्याच्याकडूनच डझनभर करून नेले होते, आणि कडा इतक्या गुळगुळीत घासणारा दुसरा कुणी त्या भागात नव्हता.

"हा लावतात कुठे?" जन्मात पहिल्यांदा त्याने विचारलं.

तिने हौसेने समजावून सांगितलं. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबून धरली तरच वरचा ठोकळा खाली येतो, म्हणजे तो उतरताना हात बाहेरच राहतात. चाप लावला की एक बटण दाबलेलंच राहतं. मग एका हाताने पत्रा सरकवायचा, दुसऱ्याने उरलेलं बटण दाबायचं. "आणि तुमचा चाप जागचा हलत नाही बाबा!"

"लावू नकोस तो."

"सगळ्या लावतात. मी एकटी मागे पडले तर घरी बसवतील."

तेव्हापासून त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. लेथ सुरू करायचा, बंद करायचा, दारात जाऊन उभा राहायचा. रस्त्यात कुणाच्या बोटाला पट्टी दिसली तरी थांबून निरखायचा. मागणाऱ्याच्या माथी म्हणे! माथ्याचं काय घेऊन बसलाय, हात कुणाचा जाणार होता? स्वतःच्याच वाक्याची त्याला शिसारी आली.

शेवटी तो कारखान्यात गेला आणि सुपरवायझरला चक्क थाप मारली. "पितळ हलकं निघालं. सगळे परत द्या, नवे फुकट देतो." नवे बारा चाप त्याने केसभर सैल केले. हात सवयीने बरोबर मापावर जायचा, की हा स्वतःलाच शिवी हासडून तो मागे ओढायचा.

नवे चाप पहिल्या धक्क्यालाच गळून पडू लागले. बटण सुटायचं आणि ठोकळा वरच अडायचा. म्हातारा कामातून गेला, असा कारखानाभर बोभाटा झाला.

"मुद्दाम केलंत ना?" मुलीने ताट बाजूला सारलं. "तुमचा हात मला माहीत नाही का? दिवसभर सगळ्यांचं ऐकून घेतलं मी. आणि उपयोग काय? पलीकडच्या गल्लीतल्या टर्नरकडे दिलंय आता ते काम."

पलीकडच्या टर्नरशी याचं उभं वैर. त्याचं काम सैल असतं, हे हा येणाऱ्या-जाणाऱ्याला रंगवून सांगत आला होता. तरी सकाळी नाक मुठीत धरून तो त्याच्या दारात गेला.

"सैलच कर रे," तो म्हणाला. "हात जोडतो."

पलीकडचा खो खो हसला. "सैल म्हणून गावभर डांगोरा पिटलास माझा! आता असा घट्ट बसवतो की बघत राहशील."

"माझी पोर आहे त्या प्रेसवर."

हसू थांबलं. पलीकडच्याने चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. "आणि तुझी पोर तिथे नसती, तर आला असतास?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण परवाची थापच अजून घशात अडकली होती.

"नाही," तो म्हणाला. "नसतो आलो."

"मग झालं तर. माझी पोर नाही तिथे." असं म्हणून त्याने लेथ सुरू केला.

कल्पतरू तिथून निघाला तो तडक कारखान्याच्या फाटकाशी. कामाची पाळी अजून सुरू व्हायची होती. दुरून पोरी येताना दिसत होत्या. पहिली आली ती त्याची मुलगी नव्हती. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "थांब बाळ, आत जायच्या आधी माझं जरा ऐक."