रजेवर गेलेला प्रोग्राम

काल चेरीताल भागातल्या एका सभागृहात तापलेल्या जुन्या प्रोजेक्टरचा वास आला आणि वीस वर्षांपूर्वीची एक दुपार मनात जागी झाली.

सहकारी शुभदाताईंनी लिहिलेला रजानोंदणीचा प्रोग्राम त्या दिवशी प्रोजेक्टरवर साहेबांना आणि साऱ्या कार्यालयाला चालवून दाखवायचा होता. तो पसंत पडला तरच ताईंची नोकरी कायम होणार होती. सकाळी त्यांना न विचारताच मी त्यातली एक ओळ माझ्या मते सुधारली होती. पहिलेच नाव टाकताच पडद्यावर लाल अक्षरे उमटली.

"क्यों मैडम, यह भी छुट्टी पर गया?" साहेब म्हणाले.

"बघू तर, काय सांगून राहिला हा," म्हणत ताईंनी ती लाल अक्षरे मोठ्याने वाचली आणि त्या सर्वांसमोर शांतपणे कोड तपासू लागल्या. माझ्या ओळीपाशी त्या क्षणभर थांबल्या. मग "माझंच चुकलं," म्हणून त्यांनी ती बदलली. प्रोग्राम चालला, नोकरीही कायम झाली.

ती चूक माझी होती हे त्यांनी ओळखले होते का, हे कुतूहल मी इतकी वर्षे भीतीखाली दडपून ठेवले. काल अखेर ताईंना फोन करून कबुली दिली.

"माहीत होतं, भाऊ," त्या म्हणाल्या. "तुम्ही बोलाल म्हणूनच तर थांबले होते."