चारात एक पांढरं

गुलबक्षी हे अत्यंत निरुपद्रवी झाड आहे, असं मी वर्गात वर्षानुवर्षं सांगत आलो. आमच्या मानसीला बघायला पाहुणे आले, त्या संध्याकाळपासून हे वाक्य मी बंद केलं.

लातुरात जीवशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला एक खोड जडते. समोर दोन माणसं गप्प बसलेली दिसली की तो तास सुरू करतो. (मी एकदा दातांच्या डॉक्टरलाही शिकवलं आहे, माझंच तोंड उघडं असताना.) मानसीला हे ठाऊक होतं. ती आणि अभिजित नांदेडला एकाच बँकेत. दोघांनी आपापसात ठरवलेलंच होतं, बघणं नावापुरतं. पण अभिजितच्या घरात आईचा शब्द शेवटचा, आणि त्याच्या आईने तो अजून उच्चारलेला नव्हता.

"बाबा, आज हवेवर बोला. त्यांच्या केळीच्या भावावर बोला. पण शिकवू नका," मानसी म्हणाली.

"मी कशाला शिकवीन?"

"बाबा."

"बरं."

पाहुणे अर्धापूरहून निघाले ते वाटेत रेंगाळत आमच्याकडे पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. घरात उकडतं म्हणून अंगणातच खुर्च्या टाकल्या. ही माझी पहिली चूक. कारण नेमकी तीच वेळ गुलबक्षी उमलायची असते, आणि मोरीच्या पाण्यावर माजलेला आमचा वाफा तेव्हा ऐन रंगात आला होता. तांबडी, पांढरी, गुलाबी, आणि कडेला एक झाड तर शिंतोडे उडाल्यासारखं चितारलेलं.

अभिजितच्या आईने चहाचा कप खाली ठेवला. "लई रंगांचं बी आणलं की हो सर."

"नाही नाही," मी म्हणालो. "तांबडी, पांढरी, गुलाबी, सगळी एकाच गुलाबी झाडाच्या बियांची."

माझी बायको खोकली. तिचा हा खोकला औषधाचा नसतो, हे मला इतक्या वर्षांच्या संसारात कळायला हवं होतं.

"एकाच झाडाच्या? असं कसं व्हईल?"

आता सांगा, असा प्रश्न विचारल्यावर माणूस केळीच्या भावावर कसा बोलणार? माझ्या सदऱ्याच्या खिशात खडू असतोच. मी खाली बसलो आणि मानसीने काढलेल्या रांगोळीशेजारी फरशीवर चार घरांचा चौकोन काढला. तांबड्या झाडाचा पराग पांढऱ्यावर टाकला तर पोरं सगळी गुलाबी. पण त्या गुलाबीचंच बी पेरलं, तर चारात एक तांबडं, दोन गुलाबी, एक पांढरं. पांढऱ्याच्या घरात खूण म्हणून चिवड्यातला पोहा ठेवला, तांबड्याच्या घरात शेंगदाणा. अभिजित मन लावून बघत होता, त्यामुळे मला आणखी चेव आला.

इतका वेळ गप्प असलेले त्याचे वडील म्हणाले, "केळीत असलं काही न्हाई. एका कंदाची पिलं सगळी सारखी."

"बरोबर! कारण केळ स्वतःचीच नक्कल करते. तिथं लग्नच नाही. जिथं लग्न आलं तिथं भेसळ आली!"

बायको पुन्हा खोकली. मानसी ट्रे घेऊन दारात उभी होती, तिने डोळे मिटून घेतले.

मुलाची आई मात्र आता खुर्ची पुढे ओढून बसली होती. "म्हंजे मायबाप दोघं गुलाबी असून पोटी पांढरं निघतं?"

"चारात एक."

"मग ते पांढरं इतके दिस व्हतं कुठं?"

"आतच! दिसत नाही, पण जात नाही. लपून बसतं. बापात दिसलं नाही तरी नातवंडात आज्याचा गुण हजर!"

यावर त्या बाईंनी फार शांतपणे मान वळवली. उघड्या दारातून बैठकीच्या भिंतीवरचा माझ्या वडिलांचा फोटो दिसत होता. मिशा, फेटा, वर उचललेली हनुवटी, आणि फोटोग्राफरवरच रागावल्यासारखी नजर.

"हे आजोबा का पोरीचे?"

"हो."

अभिजितचे वडील उठून दारापाशी गेले आणि फोटो जवळून बघू लागले. "मुखेडला भांड्याचं दुकान व्हतं का यांचं?"

"हो, बाजारात. तुम्ही ओळखता?" मी आनंदाने विचारलं.

"मी मुखेडला मामाकडं शिकायला व्हतो. नांदेडला नोकरीच्या मुलाखतीला निघालो व्हतो. फाट्यावर एक लेकुरवाळी बाई हात करून राहिली, ड्रायव्हरनं गाडी थांबवलीच न्हाई. हे त्याच गाडीत, आरडले. पुढं जाऊन गाडी थांबली, तर हे खाली उतरून एसटीसमोर रस्त्यातच बसले. म्हणले, मागं घे."

"मग?" बायकोने क्षीण आवाजात विचारलं.

"मग काय. तवर ती बाई चालत आली, गाडीत बसली, लेकराला पाजून झालं, तरी हे उठंनात. ड्रायव्हरनं गाडी मागं घ्यावी तवाच उठणार." ते परत खुर्चीत येऊन बसले. "माझी मुलाखत गेली. म्हणून मग केळी लावल्या."

मुलाची आई माझ्याकडे निरखून बघत होती. "सर, तुम्ही तर लई गरीब दिसता सोभावानं. मग यांचं ते कुठं गेलं?"

असं म्हणून त्यांनी फरशीवरच्या चौकोनाकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं, आणि तिथून सगळ्यांच्या नजरा एकदमच मानसीवर गेल्या.

मी घाईघाईने म्हणालो की माणसाचा स्वभाव म्हणजे फुलाचा रंग नव्हे, त्यात हजार गोष्टी असतात. पण हे मी अर्धा तास आधी सांगायला हवं होतं. शिवाय बोलता बोलता माझ्या गुडघ्याखाली पांढऱ्याचा पोहा चिरडला. "आमची मानसी अगदी शांत आहे हो," बायको म्हणाली.

शांत मानसीने ट्रे खाली ठेवला. "काका, एक विचारू? ती एसटी त्या बाईसाठी थांबायला पाहिजे होती की नव्हती?"

"पाहिजे व्हती. पण बाई आल्यावर तरी उठायचं की."

"उठले असते तर दुसऱ्या दिवशी तो ड्रायव्हर फाट्यावर थांबला असता?"

मी खडूसकट गोठलो. वडिलांचा तापटपणा आपल्यात उतरला नाही, याचा मला जन्मभर अभिमान. रांगेत कुणी पुढे घुसलं तर मी सरकून जागा देणारा माणूस. लहानपणी त्यांच्याबरोबर बाजारात जायची मला लाज वाटायची, कारण ते कुठे अडून बसतील याचा नेम नसे. आणि आता त्यांचीच ती वर उचललेली हनुवटी पोपटी साडी नेसून माझ्या अंगणात उभी होती. स्थळ हातचं जाणार हे मला दिसत होतं. तरी खरं सांगतो, आधी मला फार बरं वाटलं. वडील गेल्यापासून इतक्या जवळून ते मला दिसलेच नव्हते.

अभिजितच्या वडिलांनी पुन्हा दारातून फोटोकडे पाहिलं. म्हणाले, "थांबाय लागली व्हती. त्या दिवसापासून त्या फाट्यावर रोज थांबाय लागली, हे खरं हाय."

मग त्यांच्या पत्नी नवऱ्याकडे वळल्या. "अन् तुमाला नोकरी लागली असती, तर माझ्या बापानं मला दिली असती का? त्याला बागायतदारच पाहिजे व्हता. ते आजोबा रस्त्यात बसले न्हसते तर हा अभिजित कुठून येणार व्हता?"

अभिजितने तर फोटोकडे बघून चक्क हात जोडले.

"आमच्याकडं हे दोघं बापलेक दिसभर तोंड उघडत न्हाईत," त्या मानसीला म्हणाल्या. "मी एकटी बोलून बोलून कटाळले. तू ये बाई. लवकर ये."

बायकोने साखर आणायला आत धाव घेतली. मी खडू खिशात टाकला आणि पायाने हळूच चौकोन पुसू लागलो. अभिजितच्या आईने तेवढ्यात वाफ्याशी वाकून गुलबक्षीचं मिऱ्याएवढं काळं बी वेचलं आणि पदराच्या टोकाला बांधलं.

"सर, हे लावलं तर कोणता रंग निघंल?"

मी तोंड उघडलं. मानसी माझ्याकडेच बघत होती. "तसं सांगता येत नाही," मी म्हणालो. "उगवल्यावरच कळतं."

"आता गं बया. मग मघापासून काय शिकवून राहिले व्हते?"

लातुरात माझ्या हाताखालून गेलेल्या पोरांपैकी किती तरी आज डॉक्टर आहेत. हा प्रश्न मला त्यातल्या एकानेही विचारला नव्हता.