जागा गड्यांची झाली म्हणे

निकालाच्या तिसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर माझा सत्कार ठेवला. सत्कार कसला, पाडलेल्या बाईला साडी द्यायची हौस! ग्रामपंचायतीला माझ्याविरुद्ध निवडून आला तो माझाच चुलत दीर. माईक धरून म्हणाला, "वहिनींनी आपली जागा पाच वर्षं नीट सांभाळली." टाळ्या पडल्या. माझा नवराही वाजवत होता.

सांभाळली म्हणे! मी काय एसटीत कुणासाठी रुमाल टाकून बसले होते?

पाच वर्षांपूर्वी आमच्या वॉर्डातली ती जागा महिला राखीव होती. तेव्हा बॅनरवर नवऱ्याचा फोटो दाराएवढा, माझा तिकिटाएवढा. मी गप्प बसले, खोटं कशाला सांगू. पण निवडून आल्यावर खुर्चीवर मी बसले. सह्या मी केल्या. गल्लीत नळ आणला. पिंपळगावला द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये आमच्याच वॉर्डातल्या आम्ही पंधरा जणी एका टेबलावर घड साफ करतो. त्यातल्या मंदाताईची विधवा पेन्शन अडली होती. तिच्यासाठी तालुक्याला खेटे घालून घालून माझ्या चपलेचा अंगठा तुटला.

या वेळी जागा खुली झाली. खुली म्हणजे बाई असो की बाप्या, कुणीही. मी फॉर्म भरला. नवऱ्यानं बोलणं टाकलं. पण मंदाताईनं टेबलावरच्या सगळ्या जणींना घरी बोलावून माझी ओटी भरली. नारळ, तांदूळ, खण. "आमच्या मतांची काळजीच करू नको," म्हणाली. मला रडू फुटलं. भरल्या ओटीवर कोण शंका घेतं?

मतमोजणी झाली. आमच्या टेबलावर बायका जितक्या, तितकीसुद्धा मतं मला नव्हती.

दुसऱ्या दिवशी कामावर गेले आणि मंदाताईला सरळ विचारलं. हातातली कात्री न थांबवता ती म्हणाली, "तुझं काम लय चांगलं हाय गं. पण जागा आता गड्यांची झाली ना. लेडीज असती तर तुलाच दिलं असतं." बाकीच्या जणी मणी काढत राहिल्या. आपलं काही चुकलं असं एकीलाही वाटत नव्हतं. दिरानं दगा दिला तर शिव्या घालता येतात. हिला काय घालू? माझी ओटी भरणारा हात होता तो.

म्हणून पारावर दीर साडी पुढं करून म्हणाला, "परत लेडीज निघाली की वहिनींनाच उभं करू," तेव्हा माझं टाळकंच सटकलं. साडी घेतली नाही. माईक घेतला.

"मला उभं करायला मी काय मांडवाचा खांब हाय? खुली म्हणजे गड्यांची नाय. लेडीज निघू दे नायतर खुली, फॉर्म मी भरणार. फोटो माझ्या एकटीचा."

एकही टाळी पडली नाही. मंदाताई खाली मान घालून बसली होती.

मी अजून तिच्याच शेजारी उभी राहून घड साफ करते. तिची पेन्शन पुन्हा अडली तर पुन्हा खेटे घालीन. पण आता कुणाकडून ओटी भरून घेणार नाही. खुल्या जागेवर उभी राहीन आणि तिच्या तोंडावर सांगेन, नारळ ठेव तुझ्याकडं. मला मत पाहिजे.